काटा हिरव्या खुणेवर

"मॅडम, रागावणार नसाल तर एक बोलतो. शनिवारी तुम्ही येऊच नका," मुलाणीकाका म्हणाले.

कोरे मॅडम भट्टीच्या तोंडाशी वाकून आत बघत होत्या. त्या सरळ झाल्या. मी पलीकडे चाळणीला बसले होते. माझा हात थांबला.

"येऊ नको म्हणजे?"

"म्हंजे घरीच ऱ्हावा. बाळाजवळ. मी हाय, फुलाबाई हायत. आमी करतो की."

"काका, शनिवारी पुण्याहून देवस्थळी येणार आहेत. त्यांच्यासमोर भट्टी लावायची आहे. आणि मी घरी बसू?"

"त्येच म्हंतोय. त्यांच्यासमोर माल चांगला निघाला पायजे का नको?"

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि शेवटी बोलूनच टाकलं, "तुम्ही असला की माल बिघडतोय, मॅडम. सगळा कारखाना म्हंतोय. मी एकटाच बोलून दाखवतोय एवढंच."

"तुम्हीसुद्धा, काका?" असं म्हणून मॅडम शेडमधून बाहेर गेल्या.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आवटीशेठचा चुंबकाचा कारखाना होता. पुढे चुंबकं दाबून घडवणाऱ्या प्रेसची मोठी शेड, आणि मागे, सगळ्यांपासून लांब, पत्र्याची एक वेगळी शेड. त्या मागच्या शेडमध्ये आम्ही तिघं. नूरमहंमद मुलाणी भट्टी चालवायचे, मी, फुलाबाई, भुकटी चाळायची आणि डब्यात भरायची, आणि डॉक्टर वैजयंती कोरे यांचं ते सगळं काम होतं. लांब का, तर तिथं हायड्रोजन वापरायचा. एवढीशी ठिणगी पडली तरी घात. मला बांगड्यासुद्धा बाहेर खुंटीला अडकवून यावं लागे.

मी नवीन लागले तेव्हा मॅडमनी मला एक काळा, जड खडा हातात दिला होता. "मावशी, यात लोखंड आहे, निओडिमियम आहे आणि चिमूटभर बोरॉन. तिघांचा एक संसार आहे. भट्टी लालभडक तापवून आपण यात हायड्रोजन सोडायचा. तो आत शिरतो आणि त्यांचा संसार मोडतो. तिघं वेगवेगळे होतात."

"अरे देवा. आन् मग?"

"मग पंप लावून हायड्रोजन ओढून काढायचा. तो निघून गेला की ही मंडळी पुन्हा एकत्र येतात. पण आता आधीसारखा मोठा खडा नाही, आत अगदी बारीक बारीक कण तयार होतात. त्याचंच चुंबक चांगलं होतं. फक्त एक अट आहे. जुना खडा ज्या दिशेला तोंड करून होता, त्याच दिशेला प्रत्येक नव्या कणाचं तोंड पाहिजे."

"मोडून गेल्यावर त्यांना कसं कळायचं, तोंड कुठं हुतं त्ये?"

मॅडम हसल्या होत्या. "मी गेली काही वर्षं तेच शोधतेय."

कधी त्या कणांना दिशा आठवायची, कधी नाही. आठवली नाही तरी भुकटी दिसायला तशीच, वजनाला तशीच. पण चुंबकाची ओढ निम्म्यावर यायची. तसा माल कुणी घेत नाही.

मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या तेव्हा काका आणि मीच भट्टी लावायचो. मॅडम फोनवरून विचारायच्या. तो सगळा माल उत्तम निघाला. मग त्या परत आल्या. आठवड्यातून दोन दिवस त्या घरी बसून लिखाणाचं काम करायच्या, बाकीचे दिवस इथं. आणि असं झालं, की त्या घरी असल्या की माल चांगला, त्या इथं असल्या की वाईट. एकदा झालं, दोनदा झालं. मग पुढच्या शेडमधली माणसं हसायला लागली. कुणीतरी आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधून गेलं. मॅडमनी ती स्वतः सोडली आणि मिरच्या मला घरी न्यायला दिल्या.

त्यांनी कारण शोधायचं सोडलं नव्हतं. वाईट मालाच्या दिवशी तापमानाच्या कागदावरची रेघ मध्येच थोडी वर चढायची. म्हणून त्यांनी भट्टीच्या तारा बदलून घेतल्या, तापमान मोजायची सळी बदलली, भट्टीला उष्णता धरून ठेवणारी नवीन लोकर गुंडाळली. काही फरक पडला नाही. शेवटी आवटीशेठ म्हणाले, पुण्याचे देवस्थळी शनिवारी येतायत, त्यांच्या मोटारींच्या कारखान्याला हा माल हवाय. त्यांच्यासमोर, तुमच्या हातानं, एक भट्टी चांगली निघू द्या. नाही निघाली तर मी मागची शेड मोकळी करतो, तिथं प्रेस लावतो.

मॅडमची इतक्या वर्षांची मेहनत त्या एका शनिवारावर येऊन थांबली होती. आणि काका म्हणत होते, येऊ नका.

मी हात पुसत बाहेर गेले. मॅडम नळावर एका हातानं तोंड धूत होत्या. दुसऱ्या हातानं फाईल छातीशी घट्ट धरलेली. ती फाईल तशी का धरलीय ते मला कळत होतं. मीही लेकरांची आई. अंगावर पिणारं बाळ घरी ठेवून कामावर आलेल्या बाईचा ब्लाउज वेळ झाली की भिजतो, तिला कितीही काम असो.

"मावशी, खरं सांगा. माझ्यामुळे होतंय?"

मी काय सांगणार? "मला त्यातलं काय कळतंय, मॅडम? पण माल बिघडतोय खरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम हसल्या. "अख्ख्या कारखान्यात खोटं न बोलणारी तुम्ही एकट्याच. बरं. माझ्यामुळे तर माझ्यामुळे. पण माझ्यामुळे म्हणजे नेमकं कशामुळे, ते तर बघायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी काकांना मोठ्यानं सांगितलं, "काका, आज मी लवकर निघते. भट्टी तुम्हीच उरका." पर्स घेतली, गेटकडे गेल्या, आणि कारखान्याला वळसा घालून मागच्या स्टोअरमध्ये येऊन बसल्या. स्टोअर आणि आमची शेड यांच्या मध्ये जाळीची खिडकी होती. मला त्यांनी आधीच बजावलं होतं, "तुम्ही नेहमीसारखं वागा. माझ्याकडे बघू नका." आता बघू नका म्हटल्यावर माणूस तिकडंच बघतं. मी चाळणीत डोकं खुपसून बसले.

भट्टी तापली. काकांनी हायड्रोजनच्या वाल्ववर हात ठेवला. दाबाच्या तबकडीवर मॅडमनी रंगानं दोन खुणा केलेल्या होत्या, खाली हिरवी, वर लाल. काकांची नजर कमी झालेली, आकडे दिसत नसत, म्हणून रंग. काटा या दोन खुणांच्या मध्ये असला की झालं. जपायचं ते तापमान, असं मॅडम नेहमी सांगत.

काकांनी वाल्व इतका हळू फिरवला, की मला वाटलं फिरवलाच नाही. काटा उठला, हिरव्या खुणेवर आला आणि थांबला. काका स्टुलावर बसले. बशीत चहा ओतला.

"फुलाबाई, आमच्या शेळीला दोन करडं झाली. एक पांढरंधोट हाय."

"बरं झालं की."

"आज निवांत हाय. आज कुणाला घाई न्हाई." चहाचा घोट घेऊन ते पुढे म्हणाले, "मॅडम म्हंजे पोरगी लई गुणाची वो. पण दुपार कलली की तिचं तोंड बघवत न्हाई मला. माझी लेक जुबेदा बाळंतपणानंतर शाळेत शिकवायला जायची, तिचं असंच व्हायचं."

"कुणाला घाई असते, काका?"

आवाज जाळीतून आला. काका उडालेच. बशीतला चहा लुंगीवर.

"वाल्वला धक्का लावू नका!" मॅडम आतूनच ओरडल्या, आणि मग वळसा घालून दारातून आत आल्या. केसांत स्टोअरमधलं कोळ्याचं जाळं अडकलं होतं.

"मॅडम, तुम्ही तर गेला हुता!"

"घाई कुणाला असते, सांगा ना."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी चाळणीकडे.

"तसं काय न्हाई."

"काका."

"आता तुम्ही इचारताय म्हणून सांगतो," काका लुंगी झटकत म्हणाले. "तुम्ही असला की दुपारनंतर तुमचं ध्यान घड्याळाकडं. तासगावची येस्टी चुकली की पुढची लांब. घरी लेकरू उपाशी. तुम्ही तोंडानं बोलत न्हाई, पर दिसतंय की. मग मी काय करतो, ग्यास जरा वाढवतो. काटा वरच्या अंगाला न्हेतो. लाल खुणेच्या आतच हं! बाहेर कवा नेला न्हाई. तुम्हीच सांगितलंय, दोन्हीच्या मधी कुटंबी चालतंय. ग्यास जास्त मिळाला की धातू भराभरा पितो, काम लवकर उरकतं, आन् तुम्हाला गाडी गावती."

मॅडम बाजूचा रिकामा डबा ओढून त्यावर बसल्या.

"रोज?"

"तुम्ही असला की. न्हाईतर कशाला घाई करू मी?"

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. पण त्या बोटांमधून काट्याकडे बघत होत्या. काटा हिरव्या खुणेवर होता.

"भराभरा पितो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि पिताना तापतो. तापमान भट्टीनं नव्हतं वाढवलं. धातूनंच वाढवलं होतं. आणि मी वेड्यासारख्या तारा बदलत बसले."

"म्हंजे काय झालं, मॅडम?" मी विचारलं.

"मावशी, दाब कमी असला की हायड्रोजन हळूहळू शिरतो. संसार मोडतो, पण मोडताना आत कुठंतरी जुनी दिशा शिल्लक राहते. दाब वाढला की एका झटक्यात सगळं मोडतं, काही शिल्लक राहत नाही. मग परत एकत्र आले तरी ज्याला जिकडं जमेल तिकडं तोंड." त्या काकांकडे वळल्या. "मी म्हणत होते तापमान सांभाळा, दाब कुठेही चालेल. दाबच सांभाळायचा होता. निदान मला आज तरी तसं दिसतंय."

काकांना एवढंच कळलं, की बिघडलेला माल त्यांच्या हातनं बिघडला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजे माझ्यामुळंच झालं म्हना की ह्ये समदं. लोक तुम्हाला हसले. तुमची शेड जायला निघाली. आन् मी म्हंतो, तुम्ही येऊ नका."

"तुमच्यामुळे कसं? खुणा मी केल्या होत्या ना? दोन्हीच्या मध्ये कुठेही, हे मीच सांगितलं ना?"

"पर काटा तर मी चढवला."

"हो. चढवलात. आणि मी रोज बस मिळाली म्हणून खूश होत होते. म्हणायचे, बघा, आज किती लवकर उरकलं. माझ्या सख्ख्या माणसांनी एवढं बघितलं नसतं, काका."

मी उठले, मॅडमच्या केसांतलं जाळं काढलं. कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे होतं.

मॅडमनी नखानं खरवडून लाल खूण पुसून टाकली. "झालं. आता फक्त हिरवी. शनिवारी काटा इथून हलायचा नाही."

काकांनी मान हलवली नाही.

"काय झालं?"

"खूण पुसली, बरं केलं. पर माझा हात तुम्हाला ठावं न्हाई. शनिवारी तुम्ही माझ्या पाठीमागं उभ्या ऱ्हाणार. दुपार कलली की तुमचं त्येच तोंड. हिकडं माझा हात आपोआप फिरतोय, मॅडम. मी नको म्हटलं तरी. म्हणून परत म्हंतो, येऊ नका."

"मला यावंच लागेल. शेठनी सांगितलंय, तुमच्या हातानं."

"मग माझ्या जागी दुसरा बघा."

"दुसरा नको मला."

दोघंही हट्टाला पेटलेले. मला राहवलं नाही. "मग बाळालाच आणा की हिकडं," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"शेडमधी न्हाई वो. गेटवर वॉचमनची खोली हाय. तुमच्या सासूबाई बसतील बाळाला घिऊन. ग्यास तिथनं कुठच्या कुठं लांब. भूक लागली की मॅडम जाऊन पाजून येतील."

"शेठ काय म्हणतील?" मॅडम म्हणाल्या.

"शेठला कोण सांगतंय?" काका म्हणाले. पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जरा तजेला आला.

शनिवारी सकाळी मॅडमच्या सासूबाई आल्या. ठेंगण्या, नऊवारीतल्या, आल्या आल्या वॉचमनला म्हणाल्या, "भाऊ, तुमची खाट उन्हात टाका, ढेकूण असतील," आणि त्याला खोलीच्या बाहेर काढलं. बाळ दुपट्यात झोपलेलं. आम्ही फक्त नाक बघून घेतलं. काका दारातूनच लांबून बघत होते.

देवस्थळी उंच, शिडशिडीत, बोलायला मोजके. प्रत्येक गोष्ट विचारून फाईलमध्ये लिहायचे. आवटीशेठ इस्त्रीचा सफारी घालून त्यांच्या मागे. मॅडमनी खडे नळीत भरले, हवा ओढून काढली, भट्टी चढवली. दुपार झाली. भट्टी लाल झाली. काकांनी वाल्ववर हात ठेवला, काटा हळूहळू उठला आणि हिरव्यावर आला.

"किती वेळ लागेल?" शेठनी विचारलं.

"लागेल तेवढा," मॅडम म्हणाल्या.

सगळे उभे. वरच्या पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. आणि त्यात गेटच्या बाजूनं बाळाचं रडणं आलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

"कुणाचं पोर हे?" शेठ म्हणाले.

मॅडमनी फाईल छातीशी धरली. मी काकांच्या हाताकडे बघितलं. त्यांची बोटं वाल्वच्या चाकावर आवळली होती, मनगटावरची शीर उठली होती. काटा हिरव्या खुणेच्या वर, अगदी केसभर, सरकल्यासारखा वाटला. मला खरंच तसं दिसलं का मी घाबरले होते, आजही सांगता येत नाही.

मॅडमनी ते बघितलं. त्यांनी काट्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि फाईल माझ्या हातात दिली.

"काका, मी जाऊन येते."

आणि पाहुण्यांसमोर, शेठसमोर, भट्टी पेटलेली असताना त्या शेडमधून निघून गेल्या.

शेठचा चेहरा लाल झाला. देवस्थळींनी पेन थांबवलं. "मॅडम कुठे गेल्या? हाच टप्पा सगळ्यात महत्त्वाचा म्हणत होत्या ना?"

"व्हय," काका म्हणाले.

"मग?"

"म्हणून तर गेल्या."

देवस्थळींना काही उमजलं नाही. काकांनी पायानं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "बसा सायेब. ह्येला येळ लागतोय. फुलाबाई, सायबांना चहा सांगा."

रडणं थांबलं. आधी हुंदके आले, मग तेही नाहीत. काकांच्या हाताची शीर खाली बसली. त्यांनी चाक अगदी किंचित मागे घेतलं, हात सोडला, आणि तो हात मांडीवर पालथा ठेवला. काटा हिरव्या खुणेवरच राहिला. मग काका देवस्थळींना शेळीच्या करडांचं सांगायला लागले. देवस्थळींनी चक्क विचारलं, शेळी कुठल्या जातीची.

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या पदराला बाळाच्या लाळेचा डाग होता. त्यांनी काटा बघितला, तापमानाचा कागद बघितला. रेघ सरळ होती. कुठेही उंचवटा नाही. त्या काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. पुढे गॅस ओढून काढतानाही कुणी घाई केली नाही.

नळी थंड करून भुकटी काढली. मी चाळून दिली. मॅडमनी तिच्यात डिंकासारखं चिकट रसायन घालून वडी दाबली आणि मोजायच्या यंत्राला लावली. पडद्यावर रेघ उमटायला लागली. वर गेली, वळली, खाली येईना. चांगल्या मालाची रेघ अशीच यायची. मॅडमनी टेबलाची कड धरली.

"परत लावा," देवस्थळी म्हणाले.

परत लावली. तशीच आली.

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. "आवटी, हा माल मला पाहिजे. दर महिन्याला."

शेठ काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "ते पोर कुणाचं होतं?"

"माझं," मॅडम म्हणाल्या.

"मग खोलीत पंखा तरी लावायचा होता," शेठ म्हणाले आणि फोन करायला बाहेर गेले.

काका इतका वेळ दारात उभे होते. त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, लुंगीला नाही तर धुतलेल्या पंच्याला पुसले, आणि गेटकडे चालू लागले.

देवस्थळी फाईल उघडून बसले. "मॅडम, आता सगळ्या अटी सांगा. आमची माणसं उद्या हीच पद्धत वापरतील. तापमान?"

मॅडमनी सांगितलं.

"हायड्रोजनचा दाब?"

मॅडमनी तोही सांगितला. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच. वर न्यायचा नाही."

"आणखी काही?"

मॅडमनी खिडकीतून बाहेर बघितलं. वॉचमनच्या खोलीपुढे काका खाटेवर बसले होते. बाळ त्यांच्या मांडीवर होतं, सासूबाई त्यांना बाळाच्या मानेखाली हात कसा धरायचा ते दाखवत होत्या.

"वाल्ववर जो माणूस असेल, त्याला माहीत पाहिजे, की घरी कुणी उपाशी वाट बघत नाहीये."

देवस्थळींचं पेन वर राहिलं. "हे पद्धतीत कसं लिहू?"

"मी सांगितलं तसंच लिहा."

त्यांनी मॅडमच्या तोंडाकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि लिहिलं. मी फाईलच्या पलीकडे उभी होते. मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं, लिहायला-वाचायला मी शिकले ते फार पुढं, म्हातारपणी. पण त्या कागदावरच्या सगळ्या ओळींत ती ओळ लांब होती, एवढं मला दिसलं.